कोलोरॅडोत बंदुकीच्या कायद्यावरून दोन सिनेटर घरी गेले; आपल्याकडे हा विषय मतपेटीपर्यंत का पोचत नाही?

अमळनेर अभ्यासमंडळ

राम राम मंडळी. आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळाने पुढच्या बैठकीसाठी ‘शस्त्रनियंत्रणाची राजकीय किंमत’ हा विषय घेतला आहे. मुख्य उदाहरण अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याचं. तिथे २०१३ मध्ये बंदुकीचे कायदे कडक केले म्हणून राज्याच्या सिनेटमधल्या (वरिष्ठ सभागृहातल्या) दोघांना मतदारांनी मुदतीआधीच घरी पाठवलं. वरवरची माहिती सगळ्यांना आहे, तपशील कुणालाच नीट माहीत नाही. म्हणून विचारतो.

परत बोलावण्याची पद्धत नेमकी कशी चालते, सह्या किती लागतात? बॅकग्राउंड चेकला (बंदूक विकण्याआधी घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याला) बहुसंख्य लोकांचा पाठिंबा होता असं सगळीकडे लिहिलेलं दिसतं, मग हे दोघे पडले कसे? कायदा पुढे टिकला की गेला?

आणि एक आपल्याकडचं. चोपडा-शिरपूर सीमेवर गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या सतत असतात, निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात, तरी प्रचारात या विषयावर कुणी चकार शब्द काढत नाही. असं का? अमेरिका चांगली की वाईट हा वाद नको, प्रक्रिया सांगा.

तापीकाठ

बठ्ठं एकाच पोस्टमा इचारी लिधं भाऊ! पहिल्या तिन्हींचं मी घेतो, चौथ्याला इथले वकील आहेत.

आधी आकार लक्षात घ्या. २०२० च्या जनगणनेत कोलोरॅडोची लोकसंख्या ५७.७ लाख भरली. आपल्या जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांची २०११ ची बेरीज याहून थोडी जास्तच होते. तेवढ्या लोकांमागे सिनेटच्या ३५ जागा, आणि २०१३ मध्ये लोकसंख्या याहून कमी होती, म्हणजे तेव्हा एका सिनेटरमागे साधारण दीड लाख माणसं. जळगाव जिल्ह्यात ११ आमदार, एकेकामागे पावणेचार लाखांच्या वर. मतदारसंघ लहान असला की दहा-बारा हजार चिडलेले लोक पुरतात. राज्य दुभंगलेलं आहे ते असं: डेन्व्हर, बोल्डर हा शहरी पट्टा एका बाजूला, पूर्वेची गहू-गुरांची मैदानं आणि पश्चिमेचा डोंगराळ भाग दुसऱ्या बाजूला.

२० जुलै २०१२ ला ऑरोरातल्या चित्रपटगृहात गोळीबार झाला, १२ जण गेले. त्याच डिसेंबरात कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत २६ जण मारले गेले. विधिमंडळाची दोन्ही सभागृहं आणि गव्हर्नरपद डेमोक्रॅट पक्षाकडे होतं. २० मार्च २०१३ रोजी गव्हर्नर जॉन हिकनलूपर यांनी तीन कायद्यांवर सही केली. १५ पेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन (बंदुकीत गोळ्या भरायची पेटी) विकण्या-देण्यावर बंदी, खासगी विक्रीलाही बॅकग्राउंड चेक, आणि त्या चेकचं शुल्क ग्राहकाकडून घेणं. आणखी दोन विधेयकं होती: ठरावीक बंदुका बनवणाऱ्या-विकणाऱ्यांवर नुकसानभरपाईची जबाबदारी टाकणारं, आणि विद्यापीठाच्या आवारात छुपं शस्त्र बाळगायला मनाई करणारं. ती दोन्ही मध्येच मागे घ्यावी लागली. हे विसरू नका. रेटा दिला की माघार घेतात, हे विरोधकांना सही होण्याआधीच कळलं होतं.

आता पद्धत. तिथल्या राज्यघटनेनुसार त्या पदासाठी मागच्या निवडणुकीत जेवढी मतं पडली त्याच्या २५ टक्के मतदारांच्या सह्या लागतात, आणि त्या ६० दिवसांत गोळा कराव्या लागतात. इतर पदाधिकाऱ्यांना पहिले सहा महिने संरक्षण असतं. विधिमंडळ सदस्याला तेवढं नाही, निवडीनंतरच्या पहिल्या अधिवेशनाचे पाच दिवस उलटले की अर्ज चालतो. कारण २०० शब्दांत लिहायचं, आणि ते पुरेसं आहे की नाही हे फक्त मतदारच ठरवतो. भ्रष्टाचार वगैरे सिद्ध करायची गरज नाही. मतपत्रिकेवर दोन प्रश्न असतात: परत बोलवायचं का, आणि बोलवलं तर जागी कोण. ज्याला हटवायचं तो त्या दुसऱ्या यादीत उभा राहू शकत नाही.

सिनेटचे अध्यक्ष जॉन मोर्स, मतदारसंघ कोलोरॅडो स्प्रिंग्ज, यांच्याविरुद्ध ७,१७८ सह्या लागत होत्या. पोलाद कारखान्यांच्या पुएब्लो शहरातल्या अँजेला गिरॉन यांच्याविरुद्ध ११,२८५. दोन्ही ठिकाणी त्याहून जास्त जमल्या. १० सप्टेंबर २०१३ ला मतदान झालं. मोर्स साडेतीनशेपेक्षा कमी मतांनी गेले, तेही एकूण १८ हजारांच्या आसपास मतदानात. गिरॉन ५६ विरुद्ध ४४ टक्के अशा सपाटून पडल्या, आणि तो मतदारसंघ तर वर्षभरापूर्वी ओबामांना मोठी आघाडी देणारा होता. राज्याच्या इतिहासात विधिमंडळ सदस्याला असं परत बोलावण्याची ती पहिलीच वेळ.

पाठिंबा असून पडले कसे? ऑगस्ट २०१३ मध्ये क्विनिपियाक विद्यापीठाने राज्यभर चाचणी घेतली होती. फक्त बॅकग्राउंड चेकबद्दल विचारलं तर ८२ टक्के बाजूने. मॅगझिन मर्यादेवर जवळपास निम्मे-निम्मे. पण ‘नवे कडक कायदे’ असं एकत्र विचारलं की ५४ टक्के विरोधात. बैठकीत एवढे तीन आकडे फळ्यावर लिहा, अर्धी चर्चा तिथेच होईल. ज्या कलमाला सगळे हो म्हणत होते ते वादग्रस्त कलमांच्या गाठोड्यात बांधलं गेलं आणि गाठोड्याची किंमत त्यालाही मोजावी लागली.

दुसरं कारण टपाल. कोलोरॅडोत त्याच वर्षी प्रत्येक मतदाराला घरपोच मतपत्रिका पाठवण्याचा कायदा झाला होता. या पोटनिवडणुकीत ते जमलं नाही. राज्यघटना म्हणते की जागेसाठीचा उमेदवार मतदानाच्या १५ दिवस आधीपर्यंत सह्या आणून नाव घालू शकतो. मग मतपत्रिका छापायची कधी आणि टाकायची कधी? न्यायालयाने घटनेतली मुदत पाळायला सांगितलं आणि लोकांना केंद्रावर जावं लागलं. जो चिडलेला आहे तो जातो. जो ‘कायदा ठीकच आहे’ म्हणतो तो मंगळवारी काम सोडून जात नाही. मोर्स यांच्या मतांचं अंतर बघता माझ्या मते त्यांची जागा या एका गोष्टीने गेली. गिरॉन यांची मात्र टपालानेही वाचली नसती.

रावेर केळीवाला

तापीकाठ, सगळं बरोबर, पण पैशाची बाजू सोडलीत. बाहेरच्या धनदांडग्यांची भांडणं होती ती. न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी सिनेटरना वाचवायला साडेतीन लाख डॉलर टाकले, समोरून बंदूकधारकांच्या नॅशनल रायफल असोसिएशनने. पुएब्लोच्या माणसाच्या हातात काय होतं मग?

तापीकाठ

पैसा होता, पण कुठल्या बाजूला जास्त होता ते बघा. सिनेटरना वाचवणाऱ्यांकडे हटवणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होता, तरी ते हरले. उलट ब्लूमबर्ग यांचा धनादेश हाच विरोधकांच्या हातात मिळालेला आयता मुद्दा ठरला: बघा, आपल्या बंदुकीचं न्यूयॉर्कवाला ठरवतोय. पुएब्लोत डेमोक्रॅट मतदारांनीही सह्या केल्या, त्यामागे हा राग होता. पैशाने जाहिरात मिळते. सही घ्यायला दारावर कोण उभं आहे, हा प्रश्न वेगळा.

तिसऱ्या प्रश्नाचं राहिलं होतं. डेमोक्रॅटांचं बहुमत २०-१५ वरून १८-१७ वर आलं. तिसऱ्या सिनेटर एव्ही हडॅक यांच्याविरुद्ध सह्या गोळा होत असतानाच त्यांनी नोव्हेंबर २०१३ मध्ये राजीनामा दिला. युक्ती अशी की परत बोलावलं तर जागा समोरच्या पक्षाला जाऊ शकते, पण राजीनामा दिला तर रिकामी जागा स्वतःच्याच पक्षाची समिती भरते. एक आमदार गेला, बहुमत राहिलं. पुढच्याच वर्षी मतदारांनी तीही जागा काढून घेतली, ती गोष्ट वेगळी.

२०१४ च्या नियमित निवडणुकीत मोर्स आणि गिरॉन यांच्या जागी आलेले दोन्ही रिपब्लिकन पडले. नेहमीचं मतदान झालं की मतदारसंघ मूळ रंगावर आला. तरी इतर जागांच्या जोरावर सिनेट रिपब्लिकनांकडे गेली, १८-१७ अशी. कायदे रद्द करायचे प्रयत्न झाले ते कनिष्ठ सभागृहात अडकले. मॅगझिन मर्यादा जून २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातही टिकली.

यात न मोजलेली किंमतही आहे. मॅगझिन बनवणारी मॅगपुल कंपनी कारखाना वायोमिंगला आणि मुख्यालय टेक्सासला घेऊन गेली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ११ ग्रामीण काउंटींनी (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) ‘आम्हाला वेगळं राज्य हवं’ यावर मतदान घेतलं, ५ ठिकाणी होकार आला. कारण एकट्या बंदुकीचं नव्हतं, विजेचे नियमही होते, पण ठिणगी तीच.

सातपुडा पायथा

अंमलबजावणीत काय बिघडलं तेही घ्या, कारण राजकारण तिथेच शिजलं.

मॅगझिनच्या कायद्यात १ जुलै २०१३ पूर्वी ज्याच्याकडे मोठं मॅगझिन होतं आणि तेव्हापासून सलग आहे, त्याला सूट. मॅगझिनवर बंदुकीसारखा नंबर नसतो. मग पोलिसाने हे जुनं की नवं कसं ओळखायचं? सिद्ध करण्याचा भार सरकारवर. शिवाय कायद्यात ‘सहज मोठं करता येईल असं’ मॅगझिनही धरलं होतं. बहुतेक मॅगझिनचं बूड साफसफाईसाठी निघतं, म्हणजे शब्दशः वाचलं तर जवळपास सगळीच बेकायदा. अ‍ॅटर्नी जनरलना खुलासा काढावा लागला. काही दुकानांत मॅगझिनचे सुटे भाग पाकिटात मिळू लागले, घरी जोडलं की झालं.

बॅकग्राउंड चेकमध्ये वेगळी अडचण. खासगी विक्रीसाठीही परवानाधारक दुकानदारामार्फत तपासणी, दुकानदाराने जास्तीत जास्त १० डॉलर घ्यायचे. पण दुकानदारावर सक्ती नाही. डेन्व्हरमध्ये चार दुकानं मिळतील, मैदानातल्या गावाला तालुक्याएवढं अंतर तोडावं लागतं. नियम एकच, भार दोघांवर सारखा पडत नाही.

आणि शेरीफ. आपला पोलीस अधीक्षक बदलीने येतो, बदलीने जातो. कोलोरॅडोत ६४ पैकी ६२ काउंटींचा शेरीफ थेट लोकांतून निवडून येतो. पन्नासहून जास्त शेरीफ कायद्याविरुद्ध केंद्रीय न्यायालयात गेले. ते हरले, पण त्या दाव्यात पुढे असलेले वेल्ड काउंटीचे शेरीफ जॉन कुक २०१४ मध्ये सिनेटवर निवडून आले. कायदा विधिमंडळात करायचा आणि राबवायचा अशा माणसाने, ज्याची मतं त्याला विरोध करून वाढतात! दुभंगलेल्या राज्यात कायदा करताना हे गणित आधी मांडावं लागतं.

२०१९ चा ‘रेड फ्लॅग’ कायदाही अभ्यासा. घरच्यांनी किंवा पोलिसांनी अर्ज केला तर न्यायालय १४ दिवसांपर्यंत तात्पुरतं आणि सुनावणीनंतर ३६४ दिवसांपर्यंत शस्त्र काढून घेऊ शकतं. निम्म्याहून जास्त काउंटींनी ठराव करून नाराजी नोंदवली. टॉम सुलिव्हन या आमदाराला परत बोलावण्याची मोहीम निघाली, ज्यांचा मुलगा ऑरोरात मारला गेला होता. महिन्याभरात ती गुंडाळावी लागली. सुलिव्हन २०२० ला पुन्हा निवडून आले, २०२२ ला सिनेटवर गेले. सहा वर्षांत राज्याचं शहरीकरण वाढलं, विरोधी पक्षाचा जोर ओसरला आणि तेच हत्यार बोथट झालं. त्यानंतर २०२३ मध्ये खरेदीचं वय २१ आणि तीन दिवसांची प्रतीक्षा आली, २०२४ मध्ये बंदूक-काडतुसांवर साडेसहा टक्के कर तर थेट मतदारांनीच मंजूर केला.

वकील, धुळे

चौथा प्रश्न. आपल्याकडे शस्त्र हा हक्क नाही, परवाना आहे. शस्त्र अधिनियम १९५९, शस्त्र नियम २०१६ आणि २०१९ ची दुरुस्ती, तिन्ही केंद्राचे. परवाना द्यायचा की नाही हे जिल्हाधिकारी ठरवतात. नाकारला तर कलम १८ खाली विभागीय आयुक्तांकडे अपील, आमच्यासाठी नाशिकला. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं राहू शकतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. तिसरी बंदूक वर्षभरात जमा करायची होती. किती उमेदवार यावर प्रचारात बोलले? एकही नाही. कारण ज्याची बंदूक गेली त्याला राग कुणावर काढायचा तेच कळत नाही: कायदा दिल्लीचा, सही जिल्हाधिकाऱ्यांची, अहवाल ठाण्याचा. आमदाराचं नाव यात कुठेच नाही. आमदाराचा हात फक्त शिफारस करण्यात असतो, आणि शिफारशीचं राजकारण बंद खोलीत चालतं, सभेत नाही.

निवडणुकीत शस्त्र जमा करण्याबाबत खूप गैरसमज आहे. सरसकट सगळ्यांनी जमा करा असा आयोगाचा आदेश नाही. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती असते. तिने एकेक परवाना तपासायचा: जामिनावर सुटलेला, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेला, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळातल्या दंगलीत नाव आलेला. त्याला स्वतंत्र नोटीस द्यायची. बँकेचे सुरक्षारक्षक आणि रायफल संघटनेचे नेमबाज खेळाडू यांना सूट असते. प्रत्यक्षात होतं असं की ठाण्यातून एकच छापील नोटीस सगळ्यांना जाते किंवा नुसता फोन येतो. उच्च न्यायालयांनी अशा सरसकट आदेशांवर वेळोवेळी ताशेरे ओढले आहेत. नोटिशीत तुमच्याबद्दलचं कारण नसेल तर लेखी अर्ज देऊन समितीच्या निर्णयाची प्रत मागा. मात्र अर्ज प्रलंबित आहे म्हणून बंदूक घरी ठेवून बसू नका, नोटीस मोडल्याचा गुन्हा वेगळा लागतो.

जमा करताना पावतीवर बनावट, क्रमांक, बोअर आणि काडतुसांची मोजून संख्या लिहून घ्या. जिवंत काडतुसं आणि रिकाम्या पुंगळ्या वेगळ्या. नळीला आतून तेल द्या, मुद्देमालाच्या खोलीत दोन महिन्यांत गंज धरतो. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला, विधानसभेची १५ ऑक्टोबरला आणि निकाल २३ नोव्हेंबरला. दोन्ही वेळा जमा केलेली बंदूक वर्षातले सुमारे चार महिने घराबाहेर होती. परवान्याची मुदत त्याच काळात संपत असेल तर नूतनीकरणाचा अर्ज ६० दिवस आधी टाका. बंदूक ठाण्यात आहे म्हणून मुदत थांबत नाही.

आयोगाचा विषय बाजूला ठेवला तरी जिल्हाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१)(३) खाली साधारण पंधरा-पंधरा दिवसांचे मनाई आदेश काढतच असतात. सण, मोर्चा, निवडणूक, सगळ्यांना तेच. त्यात शस्त्रं, लाठ्या, सोटे सगळं येतं.

सातपुडा पायथा

वकीलसाहेब, पण परवाना हा खानदेशातला खरा प्रश्नच नाही. ठासणीची नाहीतर बारा बोअर शेताच्या राखणीला असते. रानडुकरावर तीही परस्पर चालवता येत नाही, वनखात्याची परवानगी वेगळी. खरा प्रश्न अनेर खोऱ्यापलीकडचा. बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीचं नाव गावठी पिस्तुलांसाठी वर्षानुवर्षं पेपरात येतं. बनतं मध्य प्रदेशात, पकडलं जातं चोपड्यात, वापरलं जातं पुण्यात. दोन राज्यांची पोलीस ठाणी, मधे जंगलातल्या पायवाटा. इथे कुठल्या मतदारसंघाचा आमदार जबाबदार धरणार?

वकील, धुळे

बरोबर. आणि पकडल्याच्या बातमीनंतर काय होतं ते कुणी वाचत नाही. २०१९ नंतर विनापरवाना साधं शस्त्र बाळगल्यास किमान दोन, कमाल पाच वर्षं. बनवणं-विकणं याला सात वर्षं ते जन्मठेप. शिक्षा कागदावर भक्कम आहे, खटले तीन-चार जागी गळतात. जप्तीच्या वेळी पंचांसमोर सील केलं नाही. शस्त्र चालू स्थितीत आहे का याचा तज्ज्ञाचा अहवाल उशिरा आला किंवा आलाच नाही. कलम ३९ प्रमाणे खटल्याआधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, ती छापील मजकुरावर सही करून दिली आणि शस्त्र त्यांच्यासमोर ठेवलंच नव्हतं, हे उलटतपासणीत निघतं. आणि पंच फितूर होतात, ते तर ठरलेलंच. ज्याला या विषयावर राजकीय प्रश्न विचारायचा आहे त्याने कट्टे किती पकडले हे विचारू नये, शिक्षा किती खटल्यांत लागली हे माहिती अधिकारात विचारावं.

अमळनेर अभ्यासमंडळ

फार मोलाचं मिळालं सगळ्यांकडून. एकच शेवटचं: आपल्याकडे परत बोलावण्याच्या सर्वात जवळचं काय? तुलना द्यायची तर कशाची द्यावी?

वकील, धुळे

आमदार-खासदाराला नाहीच. शेजारच्या मध्य प्रदेशात नगराध्यक्षांसाठी ‘खाली कुर्सी, भरी कुर्सी’ असं मतदान झालेलं आहे. आधी तीन चतुर्थांश नगरसेवक, मग सगळे मतदार. आपल्याकडे थेट निवडलेला सरपंच घ्या. ग्रामपंचायत अधिनियम १९५८, कलम ३५. सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने अविश्वास ठराव केला तरी पुरत नाही, विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने तो मंजूर व्हावा लागतो. निवडीनंतर पहिली दोन वर्षं असा ठराव आणता येत नाही.

कोलोरॅडोशी फरक दाखवायचा तर सुरुवात कुणाच्या हातात आहे तिथे बोट ठेवा. तिथे सही करणारा सामान्य मतदार सुरुवात करतो. इथे सदस्य सुरू करतात आणि मतदार शेवटी येतो, म्हणून गावात कितीही राग असला तरी सदस्यांची फळी फुटल्याशिवाय ग्रामसभा बसतच नाही. आणि जेव्हा बसते तेव्हा मंगळवारच्या त्या पुएब्लोसारखंच होतं, कामाला गेलेले येत नाहीत. तारीख कोणत्या वारी आणि सकाळी किती वाजता ठेवली आहे ते आधी बघा.